चौथ्यानंतर हात धर

पुण्यात गाण्यांचे अर्थ सांगणारा एक माणूस होता. पोटासाठी तो एका महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवायचा, पण ताळेबंद जुळवून दाखवण्यात त्याला काही गंमत वाटत नसे. जुळलेला ताळेबंद सगळ्यांना सारखाच दिसतो. गाण्याचं तसं नाही. मित्र त्याला भाष्यकार म्हणत, आधी थट्टेने, मग सवयीने. त्याला मात्र ते नाव पहिल्या दिवसापासून आवडलं होतं.

हा नाद त्याला आजोबांकडून लागला. आजोबा कीर्तनकार. नाथांचं विंचवाचं भारूड ते असं रंगवायचे की देवळातली म्हातारी माणसंही पाय वर घेऊन बसायची. लोक पुरेसे हसून झाले की उपरणं सावरून ते सांगत, बाबांनो, हा विंचू म्हणजे काम-क्रोध आणि त्याच्यावरचा उतारा म्हणजे सत्त्वगुण. खांबाला टेकून बसलेल्या नातवाच्या डोक्यात त्यातलं अध्यात्म किती शिरलं कोण जाणे, पण एक गोष्ट पक्की बसली. गाण्यात विंचू आला तर तो विंचू नसतो. पुढे मोठेपणी हा नियम त्याने जगातल्या सगळ्या गाण्यांना लावला.

चित्रपटातल्या गाण्यांकडे तो फारसा फिरकला नाही. तिथे नायक पावसात भिजताना समोर दिसतो, नायिका झाडामागे असते, अर्थाचं काम कॅमेऱ्याने परस्पर उरकलेलं असतं. त्याला भुरळ पडली ती इंडी गाण्यांची. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या झोपायच्या खोलीत ध्वनिमुद्रित होऊन छोट्या लेबलांवर निघणारी ही गाणी. त्यांना पटकथा नसते, प्रसंग नसतो. गाणारा आपल्या डायरीचं अर्धं पान फाडून आपल्या हातात देतो आणि निघून जातो. उरलेलं अर्धं शोधत बसणं हा भाष्यकाराचा छंद.

न्यूट्रल मिल्क होटेल या अमेरिकन बँडचा १९९८ सालचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' हा अल्बम त्याने वर्षानुवर्षं पिंजून काढला होता. तो लिहिणारा जेफ मँगम अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचून हादरला होता, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. तेवढ्या आधारावर श्रोते गेली पंचवीसेक वर्षं त्या अल्बमच्या ओळीओळीत अ‍ॅनला शोधताहेत. अल्बम गाजला आणि मँगम लोकांपुढे येईनासा झाला, तो बरीच वर्षं. दिसेनासा झालेला कवी भाष्यकारांना फार सोयीचा असतो, तो मध्ये बोलत नाही. बॉन इव्हेअर या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननची गोष्ट तर आणखी मजेची. विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या लाकडी घरात एक हिवाळा काढून त्याने पहिला अल्बम केला. तेव्हा तो आधी नुसतेच ध्वनी गायचा, मग ते पुन्हापुन्हा ऐकून त्या ध्वनींत बसतील असे शब्द शोधायचा. म्हणजे शब्द आवाजाच्या मागून आले. हे कळल्यावर दुसरा एखादा अर्थ लावायचा थांबला असता. भाष्यकाराने त्यावर स्वतंत्र व्याख्यान दिलं.

ही व्याख्यानं महिन्याच्या पहिल्या शनिवारी, कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत, मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत होत. श्रोते दहा-पंधरा. संगणक कंपन्यांतली पोरं, वास्तुकलेच्या दोन विद्यार्थिनी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. हे काका खालच्या मजल्यावर राहत. गाणी वरून ऐकू येणारच आहेत तर निदान खुर्चीवर बसून ऐकू, म्हणून यायचे. दर वेळी शेवटी म्हणायचे, "मला काही कळलं नाही, पण झकास झालं." भाष्यकाराला त्यातला पहिला भाग टोचायचा.

एका रविवारी तो जुन्या बाजारात गेला होता. गंजलेली कुलुपं, बिनकाट्यांची घड्याळं, पितळी अडकित्ते यांच्या मध्ये एका ताडपत्रीवर सीड्यांचं खोकं होतं. त्यात त्याला ती सापडली. नावाच्या जागी नुसते दोन कंस, उघडणारा आणि मिटणारा, आणि त्यांच्या मध्ये काही नाही.

तो जागीच बसला. आइसलँडच्या सिगुर रोस या बँडचा २००२ सालचा अल्बम. त्याला नाव नाही, त्यातल्या आठही गाण्यांना नावं नाहीत. राजधानी रेक्याविकच्या बाहेर १९३०च्या दशकातला एक पोहण्याचा तलाव बँडने घेतला, त्याचा स्टुडिओ केला आणि तिथे हा अल्बम घडवला. गिटार चेलोच्या गजाने वाजवणारा त्यांचा गायक योन्सी यात कुठल्याच भाषेत गात नाही. आइसलँडिकमध्येही नाही. नुसती अक्षरं, व्याकरण नाही, शब्दकोश नाही. त्या बोलीला बँडने व्होनलेन्स्का असं नाव दिलंय, पण नाव दिलं म्हणून ती भाषा होत नाही. आणि सोबत जी पुस्तिका येते, जिथे एरवी गाण्यांचे बोल छापतात, तिची पानं कोरी. ऐकणाऱ्याने आपल्याला जे ऐकू येईल ते तिथे लिहावं.

हे सगळं भाष्यकाराला तोंडपाठ होतं. पण कोरी पानं खरंच भरलेली पुस्तिका त्याने कधी पाहिली नव्हती. ही भरलेली होती. पेन्सिलीने, मराठीत.

पहिलं. पडदा अर्धा.
दुसरं. डावीकडे वळव. आधी सांग, मग वळव.
तिसरं. काही करू नको. नुसती बस.
चौथं. पाणी. थोडं थोडं.
चौथ्यानंतर हात धर. सोडू नको.
पाचवं. पांढरी अर्धी.
सहावं. डोळे मिटले तरी जागा असतो.
सातवं. खिडकी उघड. आवाज आला तर उघडीच ठेव.
आठवं. शेवटी जोरात होतं. घाबरला तर बंद. हसला तर राहू दे.

एकेका ओळीला एकेक पान. अक्षर मोठं, सुटं, पाटीवर काढल्यासारखं. आणि समासात सगळीकडे बारीक बारीक खुणा, उडत्या पक्ष्यांच्या रांगा असाव्यात तशा. दुकानदाराने पन्नास रुपये सांगितले. भाष्यकाराने घासाघीस केली नाही, यावरून त्याची अवस्था कळावी.

पुढच्या शनिवारचं व्याख्यान ऐकलेली माणसं अजून त्याची आठवण काढतात. त्याने सांगितलं की सिगुर रोसला जे हवं होतं ते इतक्या उंचीवर नेणारा श्रोता जगात दुसरा नसेल, आणि ही कवयित्री आहे. 'नुसती बस' यावरून बाई उघडच आहे. पण ती बोलते कुणाशी? स्वतःशीच. आपल्याकडे विराण्यांची परंपरा आहे, तिथे जीव स्वतःला स्त्री समजून त्या परमपुरुषासाठी झुरतो. 'डोळे मिटले तरी जागा असतो' तो हाच पुरुष. पडदा मायेचा, आणि तो अर्धाच का? कारण पूर्ण उघडला तर साधनाच संपली. चौथ्या गाण्याला पाणी, कारण चौथी अवस्था तुर्या, तिथे सगळं विरघळतं. 'पांढरी अर्धी' या ओळीवर तो बराच वेळ रेंगाळला. आधी म्हणाला अर्धचंद्राची रात्र. मग त्याला आठवलं की गावाची वस्ती असते ती पांढरी आणि शेत असतं ती काळी, म्हणजे हे अर्ध्या उजाड गावाचं चित्र आहे. मग म्हणाला दोन्ही. आणि समासातले पक्षी? आइसलँडमध्ये उन्हाळ्यात आर्क्टिक टर्न घरटी करतात आणि हिवाळा टाळायला पार दक्षिण ध्रुवाकडे जातात, जगातला सगळ्यात लांबचा प्रवास. या बाईने आइसलँड पाहिलेलं नसणार, तरी तिच्या पेन्सिलीतून ते पक्षी उडाले.

बँडचा मूळ अल्बमही या भाष्याला साथ देत होता, हे कबूल केलं पाहिजे. तो मुळातच दोन भागांत मोडतो. पहिली चार गाणी उजळ, पुढची चार काळोखी, आणि मध्ये ३६ सेकंदांची शांतता. कंसात काही नसतं तशी. भाष्यकाराने ती शांतता खोलीत वाजवली, म्हणजे काहीच वाजवलं नाही, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "चौथ्यानंतर हात धर. सोडू नको." वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका म्हणाले, "तराण्यासारखंच झालं की हे. नादिर दिर दानी. त्यालाही अर्थ नसतो, तरी अंगावर काटा येतो."

"अमीर खाँसाहेबांचं मत वेगळं होतं, काका. तराण्याच्या बोलांना फारसी अर्थ आहे, ते सूफी जप आहेत, असं ते म्हणत."

"बघा," काका म्हणाले, "तिथेही कुणीतरी होतंच."

हे व्याख्यान वाढवून त्याने एका दिवाळी अंकाला दिलं. अंकवाल्यांनी पुस्तिकेच्या पानांचे फोटोही छापले. लेखात व्याख्यानापेक्षा एक गोष्ट जास्त होती. ही कवयित्री कोण, याचा शोध. वस्तू जुन्या बाजारात आली म्हणजे घर मोडलं. घर मोडलं म्हणजे माणूस गेलं. अक्षर एखाद्या थकलेल्या बाईचं. तरुणपणी वैधव्य, एकटेपण, एक परकं गाणं, आणि मग एक दिवस सगळं रद्दीत. लेखाचा शेवट वाचून पुष्कळ लोकांनी फोन केले.

डिसेंबरच्या सभेला एक नवीन बाई आल्या. पन्नाशीच्या आसपास, कचेरीतून थेट आलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्या मागे बसल्या आणि भाषण संपेपर्यंत त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. नंतर चहाच्या वेळी पुढे आल्या आणि पिशवीतून दिवाळी अंक काढला.

"सर, हा लेख तुमचाच ना?"

"हो."

"छान लिहिलाय. मला अर्धा कळला नाही, पण छान लिहिलाय. फक्त ते अक्षर माझं आहे."

भाष्यकाराला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"पेन्सिल पण माझीच, ऑफिसातली," बाई म्हणाल्या. "लेखाच्या शेवटी तुम्ही मला मारलंयत."

काकांना चहाचा ठसका लागला. कुणीतरी बाईंना खुर्ची दिली. त्यांना घाई होती, पण पाच मिनिटं बसल्या आणि सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. वीज मंडळाला मीटरचं रीडिंग कळवावं तसं त्या सांगत होत्या.

त्यांना धाकटा भाऊ आहे. आता चाळिशीला आला. जन्मापासून त्याला चालता येत नाही, बोलता येत नाही. "बोलता येत नाही म्हणजे शब्द येत नाहीत. आवाज भरपूर. शेजारी सांगतील तुम्हाला." आई गेल्यावर बाईंना दुपारची पंचाईत झाली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा परदेशी गेला होता, त्याने सीड्यांचं खोकं दिलं. करमणूक होईल म्हणून एकेक लावून पाहिली. भावाने सगळ्या नाकारल्या. नाकारल्या म्हणजे ओरडून घर डोक्यावर घेतलं. ही लावली आणि तो ऐकायला लागला.

"गाणारा शब्द बोलत नाही, हे तुमच्या लेखात वाचलं. मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं तिकडची भाषा असेल. त्याला बहुतेक तेव्हाच कळलं."

दुपारी बसायला एक मुलगी यायची, नुकतीच लग्न होऊन पुण्यात आलेली. तिच्यासाठी बाईंनी ती पानं लिहिली. घड्याळ लावून भावाला काही करायला गेलं की तो चिडायचा. गाणं लागलं की मात्र पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असायचं, तो आधीच मान वळवून तयार. गाण्यांना नावं नव्हती, पण प्लेअरवर आकडा दिसायचा, म्हणून पहिलं, दुसरं, तिसरं.

"पडदा अर्धा?" वास्तुकलेच्या विद्यार्थिनीने विचारलं.

"दुपारचं ऊन त्याच्या तोंडावर येतं. पूर्ण ओढला तर अंधार, तो आवडत नाही."

"आणि पांढरी अर्धी?"

"गोळी. फिट येऊ नये म्हणून. तेव्हा अर्धी होती, आता पूर्ण लागते."

समासातल्या पक्ष्यांबद्दल कुणी विचारलं नाही, पण बाईंनी आपणहून सांगितलं. काम झालं की ती मुलगी बरोबरची खूण करायची. तिचा हात घाईचा होता.

"तिसऱ्या गाण्यात काही करायचं नाही असं का लिहिलंय?" भाष्यकाराने विचारलं. त्याचा आवाज जरा घोगरा झाला होता.

"तिसऱ्यात कुणी गातच नाही ना. नुसता पियानो. गाणारा गप्प बसला की हा बोलायचा. मग मध्ये पाणी दे, कूस बदल असलं केलं की त्याचं तुटायचं. म्हणून नुसती बस. आणि चौथं संपलं की सगळंच थांबतं. त्याला वाटायचं संपलं. गेला तो माणूस. तेवढा वेळ हात धरायला लागायचा."

भाष्यकार लगेच हरणारा नव्हता. त्याने सांगितलं की लिहिणाऱ्याला जे माहीत असतं तेवढाच लिहिण्याचा अर्थ नसतो. नकळत मनात काही असेल, ते ओळीत उतरलं असेल. हा मुद्दा खोटा नाही. स्वतः बँडनेच पानं कोरी सोडली होती, आणि एखाद्या अनोळखी माणसाने औषधाची चिठ्ठी वाचून डोळे ओले करावेत यात त्या चिठ्ठीचा काही अपमान नाही. काही दिवस तरी 'डोळे मिटले तरी जागा असतो' ही ओळ त्या खोलीतल्या दहा-पंधरा जणांना रात्री आठवली होती. ती कविता नव्हती म्हणून त्यांचं आठवणं खोटं ठरत नाही.

बाईंनाही ते मान्य होतं. "नकळत असेल तर मला कसं कळणार? असेलही. तुम्ही लावलेला अर्थ वाईट नाहीच, उलट माझ्यापेक्षा भारी आहे. फक्त एक विचारू का सर? मी पण दिवसभर हेच करते. तो आवाज काढतो, मी अर्थ लावते. पाणी, पंखा, कूस, पोटात दुखतंय, नुसता कंटाळा आलाय. माझा अर्थ चुकला की तो ओरडतो. तुमचा चुकला तर कोण ओरडतं?"

कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "मी ओरडत जाईन आजपासून."

सगळे हसले, भाष्यकारही थोडा हसला. त्याने पिशवीतून पुस्तिका काढून बाईंपुढे धरली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, एका पानावर त्या मुलीची खूण होती तिथे क्षणभर थांबल्या आणि परत दिली.

"राहू द्या तुमच्याकडे. प्लेअर बिघडला, गाणी भाचीने फोनवर घालून दिली आहेत, आणि हे तर आम्हाला पाठ झालंय, म्हणून तर भंगारात दिलं. पेन्सिलीचं आहे, खोडून तुमचं काही लिहा. त्यासाठीच कोरी असतात ना?" आणि उठता उठता म्हणाल्या, "या एकदा घरी. रविवारी दुपारी मी असते. त्याला माणसं आवडतात. बहुतेक वेळा."

तो जाईल असं मित्रांना वाटलं नव्हतं. तीन-चार रविवार तो गेलाही नाही. जानेवारीची सभा त्याने सर्दीचं कारण सांगून रद्द केली. मग एके दिवशी दत्तवाडीतल्या त्या तळमजल्यावरच्या घराची बेल वाजवली. हातात सफरचंदं होती. बाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, त्याला चावता येत नाही, पण शिजवून देते.

भाऊ खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होता. केस नीट विंचरलेले, गळ्याला स्वच्छ लाळेरं. त्याने भाष्यकाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पुन्हा भाष्यकाराकडे पाहिलं. बाईंनी फोनवर गाणं लावलं, पडदा अर्धा ओढला आणि म्हणाल्या, "बसा. मी चहा टाकते. आणि पोळ्या लाटून घेते, आज उशीर झालाय. तुम्हाला सगळं पाठच आहे."

पहिलं गाणं सुरळीत गेलं. दुसऱ्याला भाष्यकाराने खुर्ची डावीकडे वळवली. आधी सांगायचं तो विसरला, म्हणून पहिली आरोळी बसली. त्याने घाबरून खुर्ची परत सरळ केली, सांगितलं, मग वळवली. तेव्हा काही झालं नाही.

तिसऱ्याला पियानो सुरू झाला, गाणारा गप्प झाला आणि भाऊ बोलायला लागला. लांब, नाकातले, मध्येच चढणारे, मध्येच घरंगळणारे आवाज. कधी पियानोच्या बरोबर, बहुतेक वेळा त्याच्या मागून. भाष्यकाराने इतकी वर्षं इतकी गाणी ऐकली होती, पण समोरचा माणूस आपल्याकडे बघून गातोय असं कधी झालं नव्हतं. त्याने सवयीने खिशातून वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. भाऊ थबकला. वहीकडे बघत राहिला. पियानो एकटाच चालू होता. भाष्यकाराने वही मिटून खिशात घातली, तरी बराच वेळ भाऊ बोलला नाही. अगदी शेवटी दोन-तीन आवाज काढले आणि तिसरं गाणं संपलं.

चौथ्याला पाणी. थोडं थोडं, हे त्याने पाळलं, तरी निम्मं लाळेऱ्यावर गेलं. मग गाणं थांबलं. ३६ सेकंद म्हणजे किती, हे व्याख्यानातल्या त्या शांततेत त्याला कळलं नव्हतं. भावाचा हात त्याने धरला, की भावाने त्याचा, सांगणं कठीण. पकड भलतीच घट्ट होती, बोटं दुखायला लागली. पाचवं सुरू झालं आणि पकड सैल झाली, पण हात सुटला नाही. गोळीची वेळ. ती कुठे ठेवलीय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एका हाताने त्याने टेबल चाचपलं. बाई आतून आल्या, गोळी दिली, पुन्हा आत गेल्या.

सहाव्याच्या मध्यावर भावाने एक आवाज काढला. गाण्यातला नव्हे. आखूड, खालचा, शेवटी वर वळणारा.

"पाणी?" भाष्यकाराने विचारलं.

भाऊ ओरडला.

"पडदा?" त्याने पडदा आणखी ओढला. भाऊ जास्त ओरडला. त्याने पडदा पूर्ण उघडला, ऊन थेट तोंडावर आलं आणि आरोळीने भिंतीवरचं कॅलेंडर हललं असावं. पडदा पुन्हा अर्धा. "कूस? खिडकी? खिडकी सातव्याला आहे, थांब जरा." भाऊ थांबणार नव्हता. "पंखा?"

आतून बाईंचा आवाज आला, "पंखा नाही हो!"

"मग काय?"

"मला काय विचारता? मी इथे पोळ्या लाटतेय. समोर तुम्ही बसलाय."

भाष्यकाराने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. भावाच्या तोंडाकडे तो मघापासून बघतच होता. आता त्याने मान पाहिली, खांदे पाहिले, मांडीवरचा हात पाहिला, तो नीट होता. गुडघे नीट होते. डावा पाय खुर्चीच्या पायठेवणीवरून घसरून घोट्यात मुडपला होता आणि चाकाला घासत होता. तो खाली बसला. घोटा दोन्ही हातांनी धरला, म्हणाला, "उचलतो हं," आणि पाय जागेवर ठेवला.

ओरडणं थांबलं. मग दुसरं सुरू झालं, वेगळ्या सुरात. भाष्यकार जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाला, "उजवा?"